साहेबांचा सहावा रोडगा

आमच्या घरी एक जपानी पाहुणा जेवता जेवता मरता मरता वाचला, आणि तोही मी पूर्ण अभ्यास केलेला असताना.

आमच्याच घरात लहानाचा मोठा झालेला माझा पुतण्या वैभव पुण्याला एका कंपनीत आहे. त्याच्या जपानी साहेबांना लोणारचं सरोवर बघायचं होतं, आणि वाटेत दुपारचं जेवण आमच्याकडे, साखरखेर्ड्याला ठरलं. वैभवला जपानला पाठवायचं की नाही, हे याच साहेबांच्या हातात!

"काकू, काही गडबड करू नको," तो फोनवर म्हणाला. "माझं सगळं त्याइच्यावर हाये."

गडबड? मी? आमच्या घरात सामान्यज्ञान म्हणजे मीच! लेकीचं स्पर्धा परीक्षेचं जुनं पुस्तक काढलं आणि आठ दिवस जपान पाठ केला. राजधानी, चलन, फुजी पर्वत, चहाचा विधी. भाकरी थापता थापता ह्यांना विचारलं, "सांगा, जपानचं फूल कोणतं?"

"काऊन? भाजी करतं का त्याची?" हे म्हणाले. (अशा माणसाबरोबर मी संसार केला!)

एका ओळीखाली मात्र मी लाल रेघ मारली : जपानमध्ये ताट स्वच्छ संपवणं हा स्वयंपाक करणाऱ्याचा सन्मान मानतात.

साहेब आले. मी कमरेत वाकले. ते माझ्याहून खाली वाकले. मी आणखी खाली. शेवटी ह्यांनीच मला दंडाला धरून सरळ केलं.

जेवायला रोडगे होते. गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला, मोसंबीएवढा कणकेचा घट्ट गोळा. तो फोडायचा, वर तुपाची धार, सोबत वरण आणि वांग्याची झणझणीत भाजी. तीन खाल्ले की नांगर धरणारा गडीसुद्धा भिंतीला टेकतो.

साहेबांनी पहिला रोडगा संपवला. ताट असं लख्ख की घासायची गरज नाही! मला भरूनच आलं. पण रिकामं ताट घेऊन पाहुणा बसला, तर आमच्याकडे घरच्या बाईची शोभा होते. मी लगेच दुसरा फोडला. तोही संपला. पुन्हा सन्मान! मग तिसरा. मग चौथा. त्यांनी सन्मान करायचा आणि मी वाढायचं, दोघंही मागे हटेनात.

वैभवनं साहेबांना मराठी शब्द एकच शिकवला होता, "छान." कपाळाचा घाम पुसत ते "छान" म्हणायचे, की माझा तुपाचा हात सैल!

"काकू, बस कर! त्याइले नाही जमून राह्यलं," वैभव कुजबुजला.

"गप रे! आपल्याच साहेबाच्या ताटाले नजर लावतं का?"

"अवं, टाकता येत नाही म्हणून खाऊन राह्यले ते!"

"हाव ना, मले ठाऊक हाये. पान सत्तावन्न!"

पाचव्याला साहेबांनी ताटावर हात आडवा धरला. आमच्याकडे ह्याला पाहुण्याचं लाजणं म्हणतात. मी बोटांच्या फटीतून तूप सोडलं. बिचाऱ्यांनी बोटंही चाटून स्वच्छ केली.

सहाव्याला त्यांचे डोळे मिटले. मान छातीवर, हात ताटात.

"गेले का काय?" हे ओरडले.

"माझं जपान गेलं!" वैभव रडायच्या बेतात.

ह्यांनी साहेबांच्या ताटातला उरलेला तुकडा उचलून स्वतःच्या तोंडात टाकला. ताट रिकामं झालं, आणि (देवाशपथ, मी नाही, माझ्या हातानं केलं) हात सातव्याकडे गेला! ह्यांनी रोडग्यांची टोपलीच उचलून गोठ्यात नेली.

मग ओवा, काळं मीठ आणि बाज. साहेब चार तासांनी उठले. लोणार राहिलंच. निघताना त्यांना वाकताही येईना. त्यांनी दुरूनच मान हलवली आणि घाईनं गाडीचं दार लावून घेतलं.

वैभव जपानला गेला! साहेब म्हणाले म्हणे, "ह्या घरात जो जिवंत मोठा झाला, तो कुठेही टिकेल."

परवा त्याचा फोन आला. भारतात येणाऱ्या माणसांसाठी तिथं साहेब स्वतः भारतीय संस्कृतीचा तास घेतात. पहिलीच सूचना : ताटात निम्मं ठेवूनच उठा. पडद्यावर माझा फोटो, हातात तुपाची वाटी, बाजूला धोक्याचा लाल त्रिकोण. तासानंतर छोटी परीक्षाही असते.

त्यात मी दोन गुणांना आहे.