खांबावरच्या आडव्या रेघा

संस्थेत त्यांना सगळे आडवेराव म्हणत. खरे आडनाव वेगळे होते, पण ते दारावरच्या पाटीपुरते. हे नाव त्यांना पडले ते एका मतामुळे. आकाशातल्या एका ढगात चुंबकीय क्षेत्राच्या रेषा आडव्या जातात, असे ते मत होते आणि ते त्यांनी आयुष्यभर सोडले नाही. एवढ्याशा गोष्टीवर एखाद्या माणसाचे आयुष्य कसे उभे राहते, असा प्रश्न बाहेरच्याला पडणे स्वाभाविक आहे. परंतु बहुतेकांची आयुष्ये एवढ्याशाच गोष्टींवर उभी असतात. फक्त त्या गोष्टी इतक्या लांबच्या नसतात.

तो ढग म्हणजे वायू आणि धूळ यांचा एक उंच सुळका. संस्थेत त्याला नुसते ‘खांब’ म्हणत. खांबाच्या माथ्यासमोर काही प्रचंड, अतितप्त तारे आहेत. त्यांना ‘भट्ट्या’ म्हणण्याचा प्रघात होता. या भट्ट्यांच्या प्रखर प्रकाशाने आणि त्यांच्यापासून सुटणाऱ्या वाऱ्याने आसपासचा विरळ वायू केव्हाच उधळून लावला. जो दाट होता तेवढा खांबासारखा मागे उरला. मूळ ढगातल्या चुंबकीय रेषा खांबाला आडव्या होत्या, याबद्दल कोणाचे दुमत नव्हते. प्रश्न होता तो खांब घडताना त्या रेषांचे काय झाले, हा. असा वायू रेषांमध्ये गुंतलेला असतो. रेषेच्या लांबीने तो सहज वाहतो, पण आडवा ढकलला गेला तर रेषेलाही बरोबर ओढतो. क्षेत्र बलवान असेल तर रेषा दाद देत नाहीत, खांबातही आडव्याच राहतात. दुबळे असेल तर त्या वायूबरोबर फरफटत जातात आणि खांबाच्या लांबीने उभ्या होतात. आडव्या म्हणजे क्षेत्र भट्ट्यांपुढे वाकले नाही. उभ्या म्हणजे वाकले.

आडवेराव म्हणत, वाकले नाही.

रेषा डोळ्यांना दिसत नाहीत. धुळीवरून ओळखाव्या लागतात. धुळीचे लांबट कण चुंबकीय रेषेला आडवे राहून गरगरत असतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या अदृश्य, उष्ण किरणांचे कंपन कणाच्या लांबीच्या दिशेने अधिक असते. म्हणून दुर्बिणीने मोजलेला प्रत्येक कोन काटकोनात फिरवावा, तेव्हा कुठे चुंबकीय रेषेची दिशा हाती लागते. याला संस्थेत ‘काटकोन देणे’ म्हणत आणि हे काम आडवेरावांच्या खोलीत होई. दुर्बिणीची मोजमापे सांभाळणाऱ्या यंत्रखोलीकडून कोन येत. आडवेराव प्रत्येकाला काटकोन देत आणि नकाशावर त्या त्या जागी एक आखूड रेघ ओढत. खांबाचा पहिला नकाशा त्यांनी टोकदार पेन्सिलीने स्वतः रेखला. साऱ्या रेघा खांबाला आडव्या होत्या, शिडीच्या पायऱ्यांसारख्या. तो नकाशा पुढे अनेक पुस्तकांत छापला गेला.

त्यांच्या समोरच्या टेबलावर बसणारा मित्र मात्र दुसऱ्या वाटेने निघाला होता. खांबामागच्या ताऱ्यांचा खांबातून गाळून येणारा प्रकाश तो मोजत असे. या पद्धतीत काटकोन द्यावा लागत नाही. गाळून उरलेले कंपन आपणहून रेषेची दिशा सांगते. त्याला रेषा उभ्या मिळाल्या. त्या दिवसापासून तो उभेराव झाला आणि चहाच्या टेबलाला कायमची करमणूक मिळाली.

“काय उभेराव, आज तरी आडवे होणार का?”

“होणार ना. जेवण झाल्यावर, तासभर.”

आठवड्यातून एकदा उभेराव त्यांच्या घरी येत. आडवेरावांची पत्नी घरीच कपडे दुरुस्तीचे काम करी. खिडकीपाशी शिलाई मशीन, त्याच्या बाजूला लोकांच्या विजारींची आणि झग्यांची चळत.

“वहिनी,” उभेराव विचारीत, “हे घरी तरी सरळ बोलतात का?”

“घरी बोलतात कुठे?” ती मशीन न थांबवता म्हणे.

मग ती वार्षिक बैठक झाली. उभेरावांनी आपले मोजमाप मांडले आणि शेवटी एक धाडसी विधान केले. त्यांच्या मते रेषा वाकल्या, फरफटल्या, पण खांबात दाटीवाटीने कोंबल्या गेल्यामुळे त्या पुन्हा बलवान झाल्या असाव्यात, आणि आता त्याच रेषा खांब बाजूंनी आवळला जाऊ देत नसाव्यात. आडवेराव उत्तर द्यायला उठले. त्यांचा आक्षेप शास्त्राला धरून होता. मागच्या ताऱ्यांचा प्रकाश दाट गाभ्यातून पार होत नाही. तो फक्त कडेच्या विरळ भागाची बातमी आणतो. त्यांनी एवढेच म्हणायला हवे होते. पण सभागृह आपल्या बाजूचे आहे हे कळले की माणसाच्या वाक्याला शेपूट फुटते.

“माझे मित्र झाडाच्या सालीला हात लावून गाभ्याची प्रकृती सांगताहेत,” ते म्हणाले. “वैद्यकी चांगली करतील. ढग मात्र त्यांनी दुसरा शोधावा.”

सगळे हसले. उभेरावही हसले, कारण हसण्यावाचून त्यांना दुसरे काही करण्यासारखे उरले नव्हते. पुढच्या वर्षी त्यांना दुर्बिणीवर वेळ मिळाला नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. त्यांनी दूरच्या एका गावातल्या महाविद्यालयात शिकवण्याची नोकरी धरली. जाण्याआधी ते निरोप घ्यायला आले, तेव्हा आडवेराव आतल्या खोलीत होते आणि बाहेर यायला तयार नव्हते. पत्नीने दारातच सांगितले, “झोपलेत हो. बरं नाही त्यांना.” आत, भिंतीपलीकडेच, खुर्ची करकरली. उभेरावांनी ती ऐकली. “झोपू दे, वहिनी,” ते म्हणाले आणि जिना उतरले. काही वर्षांनी त्यांच्या मृत्यूची बातमी फोनवरून कळली. आडवेराव म्हणाले, “चांगला माणूस. हट्टी होता फार.”

निवृत्तीनंतर आडवेरावांच्या डोळ्यांना काचबिंदू झाला आणि उपचार करूनही नजर राहिली नाही. आंधळेपणाची त्यांनी फारशी तक्रार केली नाही. एकच म्हणत, “नकाशा दिसत नाही गं.” तेव्हा पत्नीने जाड कॅनव्हासवर सुतळीने खांबाची कड शिवली, आत जाड दोऱ्याने रेघेला एक असे आडवे टाके घातले आणि उत्तरेच्या कोपऱ्यात कोटाचे एक बटण लावले, म्हणजे कापड उलटसुलट धरले जाऊ नये. दुपारी ती मशीनवर असे आणि ते शेजारच्या खुर्चीत बसून खांबाच्या पायापासून माथ्यापर्यंत बोटे फिरवीत. ते एकाच गोष्टीची वाट पाहत होते. नव्या, मोठ्या दुर्बिणीने खांब पुन्हा मोजला जात होता. “एकदा तो नकाशा हाताखालून गेला की झालं,” ते म्हणत. डॉक्टरांनी हृदयाबद्दल जे सांगितले होते, ते दोघांनाही ठाऊक होते.

तो नकाशा घेऊन आली ती धाकटी. एके काळी ती आडवेरावांच्या खोलीत सर्वांत नवी होती म्हणून धाकटी. आता त्या विभागाची प्रमुख होती, तरी नाव बदलले नव्हते. आडवेराव आत झोपले होते, या वेळी खरोखरच. धाकटीने नकाशा मशीनच्या फळीवर पसरला.

पत्नीला शास्त्र येत नव्हते, पण उभा टाका आणि आडवा टाका यांतला फरक तिला कोणी शिकवायची गरज नव्हती.

“हे उभे आहेत,” ती म्हणाली.

“सगळे, काकू.”

“मग यांचे आडवे कसे आले?”

“सरांनी नकाशा केला त्या वर्षी यंत्रखोलीने पद्धत बदलली होती. काटकोन तिथेच द्यायला लागले. सरांकडे फिरवलेले कोन आले. त्यांना वाटलं, कच्चे आहेत. त्यांनी परत फिरवले.”

“दोनदा?”

“दोनदा. म्हणजे निघालो तिथेच परत.”

“कुणी सांगितलं नाही त्यांना?”

“यंत्रखोलीला वाटलं, माहीत असेल. सरांना वाटलं, बदललं असतं तर सांगितलं असतं. जुने कच्चे कोन काढून पुन्हा करून बघितले मी, तेव्हा कळलं.”

मोठ्या संस्थांत चुका अशाच होतात. दोन खोल्या, दोन्हींत प्रामाणिक माणसे, आणि मध्ये एक व्हरांडा, ज्याची जबाबदारी कोणाचीच नाही. मात्र त्या व्हरांड्यात झालेल्या चुकीने ज्याचे आयुष्य बदलते, त्याला ही मीमांसा उपयोगाची नसते.

धाकटीने आवाज खाली आणला. “काकू, तुम्ही कापडावर जुन्यासारखेच टाके घाला. आमचा लेख छापून यायला अजून अवकाश आहे. तोवर... डॉक्टर काय म्हणालेत ते मला माहीत आहे. कशाला त्यांना?”

“आणि उभेराव?”

“ते तर गेले.”

“गेले म्हणून काय त्यांचं खरं खोटं झालं?”

धाकटीने नकाशा तिथेच राहू दिला. जाताना म्हणाली, “तुम्ही ठरवा. मला नाही सांगता येणार त्यांना.”

पुढचे काही दिवस आतून रोज एकच प्रश्न येई.

“झाला का?”

“होईल हो. विजार नाही ती, पाय कमी करून द्यायला.”

तिने सुतळीने कड शिवली. मग माथ्याकडून काही आडवे टाके घातले. ते छान बसले. तिच्या हाताला त्यांची सवय होती. खरे तर तसेच पुढे जाणे सोपे होते आणि त्याला दयाही म्हणता आले असते. परंतु प्रत्येक टाक्याला तिला ते दार आठवू लागले, आतली खुर्ची करकरलेली, आणि सगळे समजूनही “झोपू दे” म्हणणारा तो माणूस. यांच्यासाठी आपण एकदा खोटे बोललो आहोत. ते ज्याच्याशी बोललो त्याला आता हे दुसरे खोटेही सोसायला लावायचे का, एवढाच विचार तिने केला. तिने ते टाके उसवले आणि उभे घातले.

दुपारी तिने कापड त्यांच्या मांडीवर ठेवले. त्यांनी आधी बटण शोधले, मग सुतळी, मग आत बोटे नेली. त्यांनी पुन्हा बटण चाचपले.

“बटण कुठल्या कोपऱ्यात लावलंस?”

“नेहमीच्याच.”

“टाके उभे घातलेस तू.”

“तिथे उभे आहेत.”

“चुकून...”

“माझ्या हातून नाही,” ती म्हणाली.

त्यांनी मग घाई केली नाही. खांबाच्या पायापासून वरपर्यंत प्रत्येक टाका पाहिला, एखादा तरी आडवा सापडेल अशा रीतीने. माथ्याशी आल्यावर त्यांची बोटे थबकली. तिथे उसवलेल्या टाक्यांची भोके राहिली होती. ती कसली, हे त्यांनी विचारले नाही. तिने सांगितलेही नाही. बऱ्याच वेळाने ते म्हणाले, “त्या वर्षी यंत्रखोलीत नवी माणसं आली होती.” आणि आणखी थोड्या वेळाने, अगदी हळू, “दोनदा.”

संध्याकाळी धाकटी आली. आडवेरावांनी तिला कारण विचारले नाही, फक्त गाभ्यातल्या क्षेत्राचे बळ विचारले. ती समजुतीच्या सुरात म्हणाली, “वाईट नाहीये सर. वाकल्यावर रेषा दाटल्या आहेत. आता त्याच खांब बाजूंनी आवळला जाऊ देत नाहीत.”

“हे त्याने तेव्हाच सांगितलं होतं,” आडवेराव म्हणाले. “आपण हसलो होतो.”

धाकटी त्या बैठकीला नव्हती. तरीही तिने मान खाली घातली.

“लेखात त्याचं नाव आधी घाल,” ते म्हणाले. “आणि चूक माझ्या नावाने लिही. यंत्रखोलीच्या नाही. विचारायला मला कुणी अडवलं नव्हतं.” मग पत्नीला म्हणाले, “त्याच्या घरचा नंबर आहे ना? लाव.”

फोन उभेरावांच्या मुलीने उचलला. पत्नीने आवाज मोठा करून फोन त्यांच्यापुढे धरला. आडवेरावांनी आपली ओळख दिली, मग नीट, क्रमाने, एखाद्या सभेपुढे सांगावे तसे सांगितले. खांब, भट्ट्या, काटकोन, दोनदा. तुझ्या वडिलांचे बरोबर होते. मी चारचौघांत त्यांची थट्टा केली आणि त्यांचे काम बंद पडले.

पलीकडे कुठेतरी भांडी ठेवल्याचा आवाज आला. मुलगी मन लावून ऐकत होती, एवढे कळत होते.

“काका, खरं सांगू? मला यातलं काहीच माहीत नाही. बाबा कॉलेजात गणित शिकवायचे. तारेबिरे कधी बोलले नाहीत.”

“कधीच नाही?”

“एकदा गच्चीवर मी विचारलं होतं लहानपणी, तो कुठला तारा म्हणून. म्हणाले, मला नाही गं कळत त्यातलं.” मग म्हणाली, “पण तुम्ही आठवणीने फोन केलात. बरं वाटलं. तब्येतीला जपा हं, काका.”

फोन बंद झाला. धाकटी खिडकीकडे पाहत होती. पत्नीने मशीनवरची अर्धी राहिलेली विजार उचलली आणि पुन्हा खाली ठेवली.

“अगं,” आडवेराव म्हणाले, “आता कोणाला सांगायचं राहिलं?”

तिने त्यांच्या मांडीवरचे कापड उचलून घडी घातली.

“कोणालाच नाही,” ती म्हणाली.