जानूबाईच्या रस्त्यावरचा मुरूम

झुंबरने उभी हयात बोईसरच्या एका कंपनीच्या गेटवर कामगारांचे जेवणाचे डबे उघडून पाहण्यात घालवली. भाजीखाली कुणी तांब्याची तार दडवून नेतंय का, एवढंच बघायचं. तार क्वचितच सापडली, पण नजर मात्र कायमची तशी झाली. शेजारणीने वाटीभर खीर दिली तरी हा आधी वाटीकडे, मग शेजारणीकडे आणि शेवटी खिरीकडे बघायचा.

असा माणूस निवृत्त होऊन घर बघायला निघाला म्हणजे दलालांची दैनाच. पण घर घेणं भाग होतं. बायकोला, गोजराबाईला, अर्धांगवायूचा झटका आला होता. डावा हात-पाय गेला, आणि त्यांची खोली तिसऱ्या मजल्यावर, तीही लिफ्टशिवाय. वर्षभर तिने खिडकीतून समोरच्या गच्चीवरच्या पाण्याच्या टाक्या पाहिल्या.

"माणसं दिसतील असं घर बघा," एवढंच तिचं मागणं होतं.

दातिवऱ्याला वामन आणि काशीबाई या म्हाताऱ्या कोळी जोडप्याचं बैठं घर विकायला निघालं होतं. दोघं पालघरला मुलीकडे राहायला चालली होती. झुंबरने विहिरीचं पाणी चाखलं, भिंती ठोकल्या, कौलं न्याहाळली. कुठेच काही खोट निघेना, आणि तेच त्याला खटकलं. काशीबाईने दुसऱ्यांदा चहा पुढे केला तेव्हा तर त्याची खात्रीच पटली की कुठेतरी पाणी मुरतंय.

आणि शेवटी ते सापडलं. पुढची गल्ली इतकी अरुंद, की चाकांची खुर्ची अडकावी. गोजराबाईला दवाखान्यात न्यायला गाडी यायची तर ती मागच्याच दारी. मागचा रस्ता रुंद होता, झाडूनपुसून लख्ख होता, पण तो सरकारी नव्हता. शेजारच्या जानूबाईच्या खाजगी जमिनीतला होता.

"ती अडवणार नाही असं कागदावर द्या," झुंबर म्हणाला.

वामन हसला. "कागद कशाला? जानूला तोंडानं इचार. आमी पन इचारलेलं. ती कोनाला नाय बोलत नाय."

विचारायचं? गावी, आष्टीकडे, झुंबरच्या बापाने हीच चूक केली होती. दर पेरणीला चुलत्याच्या दारी जाऊन म्हणायचा, बैलगाडी नेऊ का? पुढे भांडण तहसीलात गेलं, तेव्हा चुलता साहेबांना म्हणाला, "हा दरसाल परवानगी मागतो. हक्काची वाट कुणी मागतं का?" वाट गेली, वाटेमागे रानही गेलं. तेव्हापासून झुंबरने खूणगाठ बांधली होती: विचारलं की संपलं. न विचारता वापरत राहायचं, म्हणजे वहिवाट होते.

त्याने घर घेतलं, पण विचारलं नाही. गोजराबाईलाही बजावलं, "रस्त्याचं कुणापाशी बोलायचं न्हाई."

राहायला आल्यावर कळलं, की शेजारच्या बायकांसाठी तो नुसता रस्ता नव्हता. होड्या लागल्या की जानूबाई आणि तिच्या दोन जावा त्यावर जवळा वाळत घालायच्या. ती बारीक, गुलाबी कोळंबी रस्ताभर पसरलेली असे. झुंबरच्या दारापासून मात्र गाडीपुरती एक पट्टी मोकळी सोडलेली. त्या पट्टीकडे बघून झुंबर मनात म्हणाला, हद्द आखून दाखवतायत! एवढंच तुझं म्हणून. आज जवळा, उद्या बांबू, परवा फाटक.

गोजराबाई मागच्या दारात खुर्चीवर बसे. बायका तिच्या मांडीवर सूप ठेवत, आणि ती उजव्या हाताने जवळ्यातला कचरा निवडत गप्पा मारी. वर्षाने तिचं हसणं ऐकू आलं. झुंबरने तेही भिंतीआडून ऐकलं आणि ठरवलं, की बायका तिच्याकडून घरातली माहिती काढतायत.

मग त्याने डाव टाकला. त्याच्या मुलखात ज्याचा मुरूम त्याचा रस्ता. बायका बाजाराला गेल्याचं बघून त्याने बेटेगावहून टेम्पोभर मुरूम मागवला, रस्त्यावर या टोकापासून त्या टोकापर्यंत पांगवला आणि वर उभं राहून फोटोही काढून घेतला.

जानूबाई परतली. तिने मूठभर मुरूम उचलला, पाहिला आणि खाली सोडला. झुंबर कंबर कसून उभा होता, पण ती सरळ आपल्या घरात निघून गेली.

मुरमावर जवळा घालता येत नाही. दाताखाली एकदा कचकचलं, की गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. दुसऱ्या दिवसापासून बायका पार समुद्राकडे जवळा घालू लागल्या. रस्ता ओस पडला. गाडी आता अख्ख्या रस्त्यावरून येऊ लागली. झुंबर जिंकला होता.

एका सकाळी तो घरात आला, तर गोजराबाई खुर्ची फिरवून भिंतीकडे तोंड करून बसलेली.

"दार लावा," ती म्हणाली.

"कामून? रस्ता मोकळा हाय की आता."

"म्हणूनच लावा. टाक्याच बऱ्या व्हत्या. त्यात पाणी तरी व्हतं."

झुंबरने दार लावलं नाही. तो बाहेर पडला आणि तसाच समुद्राकडे गेला. जानूबाई वाकून जवळा पसरत होती. बापाची सगळी फजिती त्याला आठवली. तरी तो बोलला.

"मावशी, तुमच्या रस्त्यावरनं आमची गाडी... आणू का?"

जानूबाई सरळ झाली. "तुज्या बायकोनं पयल्याच दिशी इचारलं मला. दारातनं हाक मारून. तवापासून तिच्या गाडीपुरती जागा आमी रोज सोडत व्हतो. तुला दिसली नाय?"

दिसली होती. रोज दिसली होती. झुंबरची मान खाली गेली. आयुष्यात प्रथमच त्याला स्वतःच्या नजरेची लाज वाटली.

"मुरूम उचलतो," तो म्हणाला.

दिवसभर तो फावड्याने खरवडत होता, पाट्या भरत होता, नंतर खराटा घेऊन झाडत होता. गोजराबाई दारात बसून धडधाकट हाताने दाखवत होती, तिथं ऱ्हायला, इथं ऱ्हायला. ऊन उतरल्यावर जानूबाई आली. खाली बसली, जमिनीवरून तळवा फिरवला आणि डोळ्यांजवळ नेऊन बारकाईने न्याहाळला. जन्मभर दुसऱ्यांचे डबे तपासलेला झुंबर हातात खराटा धरून उभा राहिला.

"अजून हाय," जानूबाई म्हणाली. "परत झाड."