बाबांना पडायला शिकवताना

मी घर सोडलं त्या सकाळी बाबांनी माझी बॅग डोक्यावर घेतली होती. बॅगेला चाकं होती. रोह्याच्या मामानं ती मुद्दाम आणून दिली होती आणि चाकं कशी चारी बाजूंनी फिरतात ते सगळ्या आळीला दाखवून झालं होतं. पण बाबांनी खांद्यावरचा टॉवेल पिळून त्याची चुंबळ केली, ती डोक्यावर ठेवली, तिच्यावर बॅग चढवली आणि हायवेपासून पेणच्या रामवाडी एसटी स्टँडपर्यंत हात न लावता चालत गेले. मागून मी लाजेनं अर्धमेली. स्टँडवरच्या पोरी माझ्याकडे बघून हसतायत असं मला वाटत होतं, खरं तर कुणाचंच लक्ष नव्हतं.

पनवेलची गाडी लागली. तिथून पुढं मला हैदराबादची बस धरायची होती. आईनं वालाच्या बिरड्याचा डबा हातात दिला आणि तोंड फिरवून उभी राहिली. बाबांनी बॅग खिडकीतून आत सरकवली आणि नेहमीचंच म्हणाले, "जपून ऱ्हा. पडू नको गो बाय."

आमच्या घरात निरोपाचं वाक्य हेच. शाळेत जाताना हेच, विहिरीवर जाताना हेच. आम्ही गडब गावाच्या पलीकडचे, खाडीकाठचे. बाबांचा जन्म मिठागरात गेला. मिठागराचा तळ पायांनी तुडवून तुडवून आरशासारखा करावा लागतो, आणि भरलेली पाटी डोक्यावर घेऊन बांधावरून जायचं तर बांध वीतभर रुंद. तिथं माणूस पडला की मीठ चिखलात जातं, तळ उखडतो आणि मुकादमाच्या शिव्या मिळतात त्या वेगळ्याच. त्यामुळे चोरी करू नको, खोटं बोलू नको, हे सगळं आमच्याकडे नंतर. आधी पडू नको.

आणि मी निघाले होते सिनेमात पडायला.

ह्याला तसे बाबाच जबाबदार. कॉलेजसाठी मी अष्टमीला, म्हणजे रोह्याला लागून नदीपलीकडच्या गावात, मामाकडे राहत होते. मामा कंपनीत शिफ्टला, मामी तिच्या शिवणात, त्यामुळे रविवारी दुपारी टीव्ही माझा. त्यावर डब केलेले कुंग-फूचे पिक्चर लागायचे. बाबा महिन्याकाठी तांदूळ घेऊन यायचे आणि कुंडलिकेचा पूल ओलांडून परत जायची घाई असली तरी पिक्चर संपेपर्यंत बसायचे. मी हिरोच्या लाथा बघायचे. बाबा हिरोकडे ढुंकून बघत नसत. ते बघायचे मार खाणाऱ्यांकडे. "हा मघाचाच हाय," ते मध्येच म्हणायचे, "टोपी बदलून आला." मी हसायचे. नाहीतर म्हणायचे, "हा बरा पडला. तो मघाचा लाकडावानी पडला, त्याला लागला असल." मग रोह्यातच मी कराटेच्या क्लासला जायला लागले, स्पर्धा झाल्या, पट्ट्याचे रंग बदलले, आणि तिकडे दक्षिणेत फाईटसाठी पोरी लागतात असं एका मैत्रिणीकडून कळलं. ती गेली होती. मीही गेले.

पहिल्याच आठवड्यात एक फायटर एकाच मारामारीत तीनदा मेला. एकदा लुंगीत, एकदा फेट्यात, एकदा नुसत्या मिशीत. मी बाबांना फोन करून सांगितलं तर ते म्हणाले, "मी सांगत नव्हतो?"

पडद्यावरची मारामारी म्हणजे नेमकं काय, ते मला तिथं कळलं. ठोसा काहीच नसतो. ठोसा नाकापासून वीतभर लांबून जातो, कॅमेरा अशा बाजूला ठेवतात की ती वीत दिसत नाही. ठोशाला जीव देतो तो खाणारा. त्याची मान किती झटकन वळली, पाय कधी सुटले, तो कशावर आपटला, ह्यावर हिरोची ताकद ठरते. आमचे मास्टर, म्हणजे फाईट बसवणारे, हिरोला अर्धा तास देतात आणि पडणाऱ्यांना अख्खा दिवस. "पडिपो!" ते ओरडतात. तेलुगूत पडणं पडणंच असतं, हे ऐकून पहिल्या दिवशी मला फार घरचं वाटलं होतं. हनुवटी छातीला लावायची. हात आधी जमिनीला भेटले पाहिजेत. खांद्यावरून गोल जायचं. हाडावर कधी पडायचं नाही, मांसावर पडायचं. मी हे सगळं शिकले, इतकं की काही वर्षांनी नव्या पोरांचं पडणं माझ्याकडे दिलं गेलं. हिरॉईन छपरावरून पडते तेव्हा ती मी असते, तिच्या साडीत आणि विगमध्ये. गावच्या बायका विचारतात, तोंड कधी दिसणार? तोंड दिसलं तर माझं काम चुकलं, हे त्यांना पटत नाही.

त्यातला एक पिक्चर पेणला लागला. बाबा आणि आई बघायला गेले. आईनं नंतर सांगितलं, पाठमोरी होते तरी बाबांनी मला टाचेवरून ओळखलं. "बायच ती," म्हणाले, "टाच बघ कशी टेकवते." मग मी गच्चीवरून पडले आणि बाबा खुर्चीतून उभे राहिले. मागचे ओरडायला लागले, बसा खाली, बसा खाली. हिरॉईनचं तोंड पडद्यावर आलं तेव्हाच ते बसले.

मग मिठागरं बंद पडली. बांध फुटले ते कुणी बांधले नाहीत, आता तिथं तिवरांची झाडी माजली आहे. हायवे रुंद झाला आणि मी बॅगेमागून लाजत चालले होते तो रस्ता कुठला, ते आता ओळखू येत नाही. आणि बाबांचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टर म्हणाले, कंपवात. गोळ्यांनी हात जरा शांत होईल, पण तोल जाणार, जपा.

बाबा पडायला लागले. न्हाणीत पडले, उंबऱ्यात पडले, तुळशीपाशी पडले. आईला एकटीला ते उचलत नाहीत. ते पडले की ती त्यांच्या शेजारी जमिनीवर बसते आणि शेजारचं कुणी कामावरून येईपर्यंत दोघं तशीच बसून राहतात. फोनवर हे सांगताना ती हसायची. "गप्पा मारतो आमी," म्हणायची. मी तिकडे क्रॅश मॅटवर बसून ते ऐकायचे, आणि माझ्याभोवती पन्नास गाद्या असायच्या.

एकदा व्हिडिओ कॉल चालू असतानाच ते पडले. आईनं फोन फळीवर टेकवून ठेवला होता. बाबा उठले, वळले, आणि पाय जमिनीला चिकटल्यासारखे अडले. पुढचा क्षण मी रोज मॉनिटरवर बघते, त्यामुळे काय होणार ते मला त्यांच्या आधी कळलं. मी ओरडले, "बाबा, हात!" त्यांनी हात वर नेले. खाली नाही, वर, डोक्याकडे. मग ते फ्रेममधून गेले आणि मला नुसती भिंत दिसत राहिली. आमच्याकडे शॉट बिघडला की 'वन मोर' असतं. मी किती तरी वेळ त्या भिंतीकडे बघत 'आई, आई' करत होते.

गाव सोडलेल्यांना हे सांगायला नको. आपण तिकडे ज्यासाठी नावाजले जातो, नेमकं तेच घरी लागतं, आणि आपण घरी नसतो. मी सुट्टी काढली, एक घडीची मॅट घेतली आणि घरी आले. जे मी नव्या पोरांना आठवड्यात शिकवते ते बापाला महिनाभरात शिकवीन, असा माझा हिशेब.

पडवीत मॅट अंथरली. बाबा तिच्यावर आडवे झाले आणि उठेचनात. "झ्याक हाय," म्हणाले. मी हनुवटी, खांदा, हात सगळं करून दाखवलं. बघायला शेजारणी जमल्या. बाबा त्यांना म्हणाले, "बापाला पडायला शिकवते. सगळ्यांनी शिकून घ्या, पुढं लागंल."

आता मला त्यांना हलकंच ढकलायचं होतं. मी शेकड्यांनी माणसं ढकलली आहेत. बाबांच्या छातीला हात लावला आणि माझा हात पुढंच जाईना. शेवटी आई कमरेला पदर खोचून आली. "सर. मी ढकलते. मना काय वाटायचा नाय." आणि तिनं ढकललं. बाबा मॅटवर पाठीवर पडले, आणि दोन्ही हात डोक्याला. पुन्हा केलं, पुन्हा हात डोक्याला.

"बाबा, हात डोक्यावर का नेता?"

"कुठं नेतो?" त्यांनी खरंच विचारलं.

मी आईकडे बघितलं. ती मॅटची घडी सारखी करत होती. "पाटी," ती म्हणाली. "पाटी धरतान ते."

मी तिथंच खाली बसले. जन्मभर जे हात मीठ सांभाळायला वर गेले ते आता नाक, गुडघे, खुबा सांभाळायला खाली येणार नव्हते. ते बाबांना ठाऊकसुद्धा नव्हतं, मग ती सवय त्यांना मोडायला तरी कसं सांगणार? तरी मी रोज सांगितलं. हात खाली, बाबा. हात खाली. ते मान हलवायचे, व्हय म्हणायचे, आणि पडताना हात वर. मी चिडले. एकदा तर मास्टरसारखी ओरडले. ते शाळेतल्या पोरासारखे खाली बघत उभे राहिले आणि मला माझीच शरम वाटली.

मग मला मास्टरांचंच एक तत्त्व आठवलं. हिरोला लाथ येत नसेल तर लाथेची फाईट बसवायची नाही, त्याला जे येतं त्यातून फाईट काढायची. मागच्या अंगणात बाबांची जुनी पाटी होती, आई तिच्याखाली कोंबडी झाकायची. ती धुतली, टॉवेलची चुंबळ केली, बाबांच्या डोक्यावर ठेवली आणि वर रिकामी पाटी.

बाबा सरळ झाले. खरंच सांगते, त्यांची मान वर आली, खांदे मागे गेले, आणि पाय, जे घरात चिकटायचे, ते सुटे झाले. अंगणातून शेवग्यापर्यंत गेले, वळले, परत आले. आई दारात उभी होती ती आत गेली आणि डोळे पुसून बाहेर आली. पुढचे काही दिवस बाबा पाटी घेऊन चालत राहिले. दुकानात गेले, देवळात गेले. लोक हसले तर म्हणायचे, "बायनं बसवलीय फाईट." मी त्यांचा व्हिडिओ मास्टरांना पाठवला. त्यांनी कळवलं, असं पोश्चर आपल्या एकाही हिरोचं नाही. मला वाटलं, जमलं. मला इतकं वाटलं की मी परतीचं तिकीट काढलं.

निघायच्या सकाळी बाबा हटून बसले. "बॅग मी नेणार." मी नको म्हणाले, आई नको म्हणाली. "वजनानं तोल ऱ्हातो," ते म्हणाले. "रिकामी पाटी वाऱ्यानं हालते." ते खरंही होतं. रिक्षा नाक्यावर उभी होती, पन्नास पावलं असतील नसतील. मी पाटीत बॅग ठेवली आणि त्यांच्या शेजारून चालायला लागले, जवळ, हात पोचेल इतकी जवळ. ते त्या जुन्या सकाळसारखे चालले होते. ते बघायला मिळावं म्हणून मी एक पाऊल मागे राहिले.

तेवढंच. त्यांचा पाय अडला, गुडघा वाकला आणि मी झेप घेतली. टायमिंगवर माझं पोट चालतं. मी पोचले तेव्हा ते खाली होते, उजव्या खुब्यावर, हनुवटी फुटलेली. दोन्ही हात वर होते आणि त्या हातांत पाटी होती, सरळ, बॅगेसकट. रक्त गळ्यावरून शर्टात उतरत होतं आणि ते माझ्याकडे बघून हसले.

"पाटी वाचली गो बाय."

खुब्याचं हाड मोडलं होतं. डॉक्टरांनी त्यांचं काम चोख केलं, पण बाबा पुन्हा चालते झाले नाहीत. आता ते पडत नाहीत, कारण उठत नाहीत. माझी मॅट त्यांच्या गादीखाली घातली आहे. आई म्हणते, निदान आता कुणाची वाट बघत जमिनीवर बसायला लागत नाही. मला हे बरं की वाईट, सांगता येत नाही. मी पुन्हा हैदराबादला आले. तिथं राहून तरी मी काय करणार होते? पडणं थांबलं होतं, आणि मला तेवढंच येतं.

मी रोज फोन करते, शूटिंगच्या मधल्या वेळात. बाबांचा आवाज बारीक झाला आहे, आई फोन त्यांच्या तोंडाशी धरते. बोलायला फारसं नसतं. ह्या शहरात मी किती छान पडते यावर माझं सगळं उभं आहे, सगळ्यांना मी पडायला हवी असते. मी पडू नये असं वाटणारी जागा जगात एकच उरली आहे, ती पेणकडच्या एका खोलीतल्या पलंगाएवढी आहे, आणि मी घर म्हणते ते आता तिला.

परवा फोन लावला तेव्हा मी गच्चीच्या कठड्यापाशी उभी होते, अंगावर हिरॉईनची साडी. खाली मला झेलायला पुठ्ठ्याच्या खोक्यांची रास लावून झाली होती.

"पडू नको गो बाय," बाबा म्हणाले.

"नाय पडत, बाबा."

फोन मी मदतनीस पोरीच्या हातात दिला. खालून मास्टरांनी हाक दिली. मी हनुवटी छातीला लावली, हात खाली घेतले आणि पडले.