पत्र्याच्या शेडमधला वर्षावास

चाकणला आमच्या कंपनीत शॉप फ्लोअरवर मोबाइल नेता येत नाही, गेटजवळच्या लॉकरमध्ये ठेवावा लागतो. त्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत लॉकर उघडला तर आईचे बरेच मिस्ड कॉल होते आणि खाली एकच मेसेज, ‘भन्ते गेले.’ भन्ते म्हणजे आईचा सख्खा थोरला भाऊ, माझे मामा. पण आईनं ‘दादा गेला’ असं लिहिलं नव्हतं. त्यांनी भिक्खूचं चीवर घेतलं तेव्हापासून ती त्यांना भन्तेच म्हणायची. भेट झाली की गुडघे टेकून तीनदा वंदन करायची, आणि ते नजर खाली ठेवून ‘मंगल होवो’ म्हणायचे, जसं दुसऱ्या कुठल्याही उपासिकेला म्हणाले असते. लहानपणी मला हे विचित्र वाटे. त्या दिवशी लॉकरसमोर उभी असताना मात्र वाटलं की बरोबर लिहिलंय आईनं. मागे रांगेत उभ्या असलेल्या कुणीतरी विचारलं, ‘मॅडम, झालं का?’ मी हो म्हणून लॉकर बंद केला आणि बाजूला झाले.

संध्याकाळी आई आणि मी कासारवाडीला, भन्तेंच्या विहाराकडे, पोहोचेपर्यंत वस्तीच्या तोंडाशी दोन फ्लेक्स लागलेले होते. भावपूर्ण श्रद्धांजली. महापालिकेची लांबत लांबत आलेली निवडणूक अगदी दाराशी होती, आणि दोन्ही फ्लेक्स दोन वेगवेगळ्या पक्षांचे होते. भन्तेंचा फोटो मात्र दोन्हींवर तोच, कुणाच्या तरी मोबाइलमधला, नेत्यांच्या चेहऱ्यांपेक्षा लहान. आई त्यांच्याखाली क्षणभर थांबली आणि म्हणाली, “जिवंत होते तोवर दोघांच्याही फलकावर गेले नाहीत.” हे ती रडत म्हणाली नाही. मान ताठ करून म्हणाली. हा लेख मी लिहायला घेतला तो त्या ताठ मानेसाठी.

चीवर घेण्याआधी मामा चाकणच्या एका कारखान्यात कामाला होते आणि कामगारांच्या गेटमीटिंगमध्ये बोलायचे. त्यांचं बोलणं ऐकायला दुसऱ्या कंपन्यांची माणसंसुद्धा थांबायची, असं आई सांगते. मी त्यांना ओळखायला लागले ते भन्ते म्हणूनच. रविवारी सकाळी विहारात मुलांचा वर्ग असे. मी इंग्रजी शाळेतली, बुजरी, वंदना रोमन अक्षरांत वहीवर उतरवून घ्यायची आणि ती वही हाताखाली झाकून बसायची. एकदा त्यांनी ती पाहिली. मला वाटलं, आता सगळ्यांसमोर काहीतरी बोलतील. ते म्हणाले, “लंकेत ते त्यांच्या लिपीत लिहितात, ब्रह्मदेशात त्यांच्या. पाली इथे कुणाचीच मायबोली नाही. सगळे सारखे.” आणि पुढच्या मुलाकडे वळले. त्यानंतर मी वही झाकली नाही.

मोठ्यांना ते शिफ्टप्रमाणे शिकवत. सेकंड शिफ्टवाल्यांना सकाळी, फर्स्ट शिफ्टवाल्यांना संध्याकाळी, आणि विषय दोन्ही वेळा एकच, म्हणजे शिफ्ट बदलली तरी माणसाचा धागा तुटायचा नाही. आषाढी पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंतच्या वर्षावासात, जेव्हा भिक्खूला एकाच जागी मुक्काम करावा लागतो, तेव्हा तर रोज. लातूर, परभणी, नांदेडकडून कामाला आलेली माणसं डबा घेऊन थेट विहारात येत. एकदा तृष्णेवर देसना, म्हणजे प्रवचन, चालू असताना एकानं मधेच विचारलं की भन्ते, ओव्हरटाइमची तृष्णा सोडली तर पोरांच्या शाळेचं काय? सगळे हसले. भन्तेही हसले. म्हणाले, “शाळेसाठी कर की बाबा. पण शेजाऱ्यानं नवी गाडी घेतली म्हणून सुपरवायझरच्या मागे लागतोस ना, तेवढं एक सोड.” तो माणूस शेजाऱ्याकडे बघू लागला आणि शेजारी छताकडे.

विहार म्हणजे मूर्तीपुरती खोली; त्याला जोडलेला मोठा हॉल, जिथे वर्ग आणि वर्षावासाचा मुक्काम असे, तो तिथल्या माजी नगरसेवकांनी बांधून दिला होता. ते जुन्या गावठाणातल्या शेतकरी घरातले, सगळे त्यांना भाऊ म्हणत. माणूस अडीअडचणीला धावून येणारा; हे मी मनापासून लिहिते, कारण पुढची हकिकत वाचून कुणाला ते खलनायक वाटू नयेत. भन्ते गेले त्याच्या आदल्या वर्षी वर्षावासाच्या समारोपाला भाऊंनी त्यांच्या पक्षाच्या मोठ्या साहेबांना आणलं. विहार समितीचे अध्यक्ष वाघमारे काका आनंदानं इतके हरखले होते की त्यांनी पाहुण्यांसाठी फेटेवाला बोलावला. स्टेजवर सोफे मांडले. सगळे पाहुणे फेटे बांधून, पायांत बूट-चपला तशाच, सोफ्यावर बसले. स्टेज भरलं म्हणून भन्तेंची खुर्ची खाली, कडेला ठेवली. सूत्रसंचालकानं सांगितलं, आता भन्तेजी साहेबांना आशीर्वादपर दोन शब्द सांगतील.

भन्ते माइकपाशी गेले आणि स्टेजवरच्या एकेका पाहुण्याकडे पाहत राहिले. इतका वेळ की मला वाटलं माइक बंद आहे… मग त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “स्टेजवर कुणी आजारी आहे का?”

भाऊ गोंधळून उठले. “न्हाई भन्ते. आजारी कोण न्हाई.”

“आजारी माणसाला सूट असते, म्हणून विचारलं. भिक्खूला नियम आहे. उंचावर बसलेल्याला, डोकं बांधलेल्याला, पायांत घातलेल्याला धम्म सांगता येत नाही. आपण सगळे खाली या, इथे सतरंजीवर बसा. मी सांगतो.”

विनयाचा, म्हणजे भिक्खूंच्या आचारसंहितेचा, हा नियम फार जुना आहे. वाघमारे काकांना तो पाठ होता, म्हणूनच त्यांचा चेहरा सगळ्यात आधी उतरला. फेट्यांच्या उत्साहात तो त्यांच्या डोक्यातून निसटून गेला होता. साहेबांनी घड्याळ पाहिलं, पुढे आकुर्डीला दुसरा कार्यक्रम असल्याचं कुणाच्या तरी कानात सांगितलं आणि उठले. भाऊ एकदा सतरंजीकडे आणि एकदा साहेबांच्या पाठीकडे पाहत राहिले, मग साहेबांच्या मागे गेले. स्टेज रिकामं झालं. भन्ते खाली बसलेल्यांकडे वळले आणि देसना सुरू केली. आवाजात राग नव्हता, विजयही नव्हता. मी पुढच्याच रांगेत होते, म्हणून खात्रीनं सांगते.

थोड्याच दिवसांत हॉलला कुलूप लागलं. दुरुस्तीसाठी बंद, अशी पाटी. दुरुस्ती करायला कुणी आलं नाही. वस्तीतली बरीच पोरं ज्या ठेकेदारांकडे कामाला होती, ते भाऊंच्या जवळचे. भन्तेंच्या वर्गाला गेलास तर उद्या गेटवर येऊ नकोस, असं एकदोघांना सांगितलं गेलं आणि तेवढं सगळ्यांना पुरलं. मग दुसऱ्या पक्षाची माणसं आली. त्यांच्या वॉर्डात एसी हॉल होता, रोजचा चहा होता, शिकवायला पूर्ण मोकळीक होती. फक्त पहिल्या दिवशी त्यांच्या व्यासपीठावरून भन्तेंनी फेट्याची गोष्ट सांगायची. भन्तेंनी नम्रपणे नकार दिला. म्हणजे आता दोन्ही दारं बंद, आणि आषाढी पौर्णिमा जवळ येत चाललेली. छप्पर आणि कुणाचं तरी निमंत्रण असल्याशिवाय वर्षावास धरता येत नाही.

तेव्हा आईला राहवलं नाही. आमच्या चिंचवडच्या घरी ते भोजनदानाला आले होते. जेवण झाल्यावर ती त्यांच्यासमोर बसली, आणि तिच्या तोंडून कित्येक वर्षांनी ‘दादा’ निघालं. “दादा, एक दिवस त्या फेट्यांकडं बघितलं नसतं तर काय बिघडलं असतं? हजार माणसांना शिकवता आलं असतं की.”

त्यांनी खांद्यावरचं चीवर सारखं केलं. मग म्हणाले, “गेटवर मी बोलायचो तेव्हा माणसं माझ्या मागे यायची. कुणाच्याही मागे नेली असती तरी आली असती. मला त्याचीच भीती वाटली, म्हणून तर हे अंगावर घेतलं. आता परत माणसं कुणाच्या मागे नेऊ?”

आईनं ताट उचललं. मी तिथेच बसून होते. राजकारणात धर्माच्या माणसाकडून नेमकं काय काढून घेतलं जातं, ते मला त्या वाक्यात कळलं. जागा तर जातेच. पण जागा देऊन जे घेतलं जातं, ते त्याहून मोठं असतं.

निमंत्रण आलं ते कमलमावशींकडून. त्या मूळच्या परभणीच्या, कासारवाडीत एकट्या कामगारांसाठी पत्र्याच्या शेडमध्ये मेस चालवतात. स्वतः दोन गल्ल्या पलीकडे राहतात, त्यामुळे शेड रात्री रिकामी असे. पण त्यांना संकोच होता. आईला म्हणाल्या, “ताई, माझ्याकडं रविवारी मटण असतंय. भन्तेला कसं बोलवू?” भन्तेंनी निरोप पाठवला की त्यांनी बोलावलं आहे ना, तेवढं पुरे.

तो वर्षावास मी कधी विसरणार नाही. एका कोपऱ्यात भन्तेंचं आसन, बाकी शेडभर जेवणारी माणसं. दुपारनंतर ते स्वतः काही खात नसत, आणि संध्याकाळी रश्श्याच्या वासात बसून तृष्णेवर बोलत. पोरं चिडवत, भन्ते, परीक्षा तुमची चालू आहे का आमची? ठेकेदारांकडे कामाला असलेल्या पोरांची पंचाईतच मिटली, कारण मेसमध्ये जेवायला जाऊ नको असं कोण सांगणार? ती जेवायला येत, हात धुऊन, चपला बाजूला काढून बसून राहत. पाऊस पत्र्यावर जोरात आला की भन्तेंचा आवाज बुडून जाई. ते ओरडून बोलत नसत. थांबत, डोळे मिटत, आणि सगळी शेड त्यांच्याबरोबर डोळे मिटून बसे. ध्यानाला कंटाळणारी माणसं पावसामुळे ध्यान शिकली.

अशाच एका संध्याकाळी भाऊ आले. एकटेच. दाराशी बूट काढले, टोपी खिशात घातली आणि मागे भिंतीला टेकून बसले. भन्तेंनी चालू असलेलं वाक्य पूर्ण केलं आणि पुढे बोलत राहिले. सगळं संपल्यावर भाऊ जवळ आले. म्हणाले, “त्या दिवशी खाली बसलो आसतो तर सायबांनी तिकीट कापलं आसतं, भन्ते.”

“माहीत होतं मला.”

“चावी आणलीय. पुढच्या आठवड्यात मिरवणुकीनं न्हेतो तुमाला हॉलवर. हितं पत्र्याखाली बरं दिसत न्हाई.”

निवडणुकीआधी वस्तीची नाराजी काढायची होती, हे तिथल्या प्रत्येकाला समजत होतं. तरी भाऊंच्या आवाजात खरी काकुळती होती, तीही ऐकू येत होती. भन्ते म्हणाले की एका छपराखाली धरलेला वर्षावास मधेच उचलून दुसऱ्या छपराखाली नेता येत नाही. कमलताईंनी बोलावलं, मी हो म्हटलं, आता आश्विन पौर्णिमेपर्यंत इथेच. “चावी समितीला द्या. मिरवणूक कशाला? पोरं अभ्यासाला जागा शोधतायत.” भाऊंनी चावी परत खिशात टाकली. मग हसले, म्हणाले, “तुमी काय ऐकायचं न्हाई,” आणि दुसऱ्याच दिवशी चावी वाघमारे काकांकडे पोहोचली. नारळ नाही, फ्लेक्स नाही. हॉल उघडला तो दहावीच्या मुलांसाठी.

वर्षावास संपल्यावर काही आठवड्यांतच भन्तेंचं हृदय थांबलं. त्या हॉलमध्ये पुन्हा शिकवायची वेळ आली नाही. लोक हळहळतात. मला तसं वाटत नाही. ज्या हॉलसाठी त्यांना वाकायला सांगितलं होतं, तो न वाकता उघडला, आणि तो उघडायला त्यांना तिथे जावंही लागलं नाही. मला त्यांचा फार अभिमान वाटतो. हे मी कुणाला तोंडानं सांगू शकत नाही, म्हणून लिहिते आहे.

गेल्या आठवड्यात मी कमलमावशींच्या मेसवर गेले. गर्दीची वेळ होती, बाहेर पोरं जागेसाठी ताटकळत होती, आणि भन्तेंचा तो कोपरा मोकळा. नांदेडचा एक नवीन मुलगा ताट घेऊन तिकडे निघाला तशी मावशी चुलीपासूनच म्हणाल्या, “तिथं ताट न्यायचं न्हाई. जेव, हात धू, मग बस. तिथं ऐकायला बसतेत.” त्यानं विचारलं, काय ऐकायला? मावशींनी माझ्याकडे पाहिलं. हळूहळू चारपाच जण हात पुसत, चपला काढून येऊन बसले. मला सगळ्यांसमोर तोंड करून बसायची सवय नाही. मी त्यांच्यातच, सतरंजीच्या कडेला बसले आणि त्रिसरण म्हणायला सुरुवात केली. मागून कुणीतरी म्हणालं, “ताई, जरा मोठ्यानं.”

मी मोठ्यानं म्हणाले.