शोभा तापानं गेली नाही

सव्वा महिना झाला. ऑफिसात होते, शोभाच्या नवऱ्याचा फोन आला. "ताई, शोभा गेली... ताप होता." तेव्हापासून आमच्या गुढियारी वस्तीत ज्याच्या त्याच्या तोंडी तोच ताप. पुण्यानुमोदनाच्या शोकसभेत माईकवरही तोच! मी तिथं मान खाली घालून बसले, त्याची लाज वाटते म्हणून लिहिते आहे. माझी मैत्रीण तापानं गेली नाही. गर्भपाताच्या गोळ्या तिनं डॉक्टरला न दाखवता घेतल्या, आत अंश राहिला, तो सडला, विष रक्तात भिनलं.

आणि ही बाई कोण? मितानीन! बारा वर्षं पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या मोहल्ल्यातल्या, बायकांना हाताला धरून दवाखान्यात नेणारी आमची आरोग्यसेविका. माझ्या बाळंतपणात सासूबाईंना तिनं तोंडावर सुनावलं होतं, "काकू, काढा मंग पाजा, आधी तिचे टाके पाहू द्या." फटकळ, पण तिच्या शब्दावर अख्खा पारा उठायचा. गर्भपात कायद्यानं होतो, आधी तपासून किती आठवडे ते पाहतात, वेळेत डॉक्टरांच्या देखरेखीखाली केला तर सहसा धोका नसतो... हे सगळं मला तिनंच शिकवलेलं.

तिच्यावर वेळ आली तेव्हा मात्र शिकवलेलं सगळं गेलं उडत. दोन लेकरांवर तिसऱ्यांदा दिवस राहिले. नवऱ्यानं नसबंदीला साफ नाही म्हटलेलं, हिचं ऑपरेशन "यंदाच्या थंडीत करू" म्हणत राहून गेलेलं. मी म्हटलं, चल, मी येते सोबत. तर म्हणे, "येडी झाली का वो? तिथली नर्स मले वळखते. साऱ्या पाऱ्याले मीच कॉपर-टी सांगून राहिली, अन् माझंच असं? कोणत्या तोंडानं जाऊ?" म्हणून मुद्दाम लांब, गोल बाजारातल्या अनोळखी दुकानातून चिठ्ठीशिवाय गोळ्या आणल्या. त्या भैयानं एक प्रश्न विचारला नाही. आणि मी "बरं" म्हणाले. माझी अक्कल कुठे चरायला गेली होती?

पंधरा दिवस रक्त जात राहिलं. "खराब आहे ते, साफ होऊन राहिलं," म्हणायची. दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर हिनं तिला ऑटोत कोंबून नेलं असतं! मग हुडहुडी भरून ताप, पोटात कळा, अंगावरून घाण वास. गल्लीतल्या डॉक्टरनं सलाईन लावली. शेवटी मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथं डॉक्टरीणबाईंनी स्पष्ट विचारलं, काही गोळ्या घेतल्या होत्या का? नवरा म्हणाला, "नहीं मैडम, महीना बिगड़ गया है." शोभानं माझ्याकडे पाहून 'सांगू नको' अशी मान हलवली... आणि मी गप्प. सोनोग्राफीत खरं कळेपर्यंत दीड दिवस गेला. कसली लाज, कुणाची लाज? आग लागो त्या लाजेला!

परवा तिच्या घरी गेले. तिची औषधांची पेटी फळीवरच आहे, बायका अजून दार वाजवतात आणि तिची सोळा वर्षांची लेक पायल पेटी खाली काढून ओआरएसची पुडी देते. पायलला मराठी सगळं कळतं, बोलते मात्र हिंदीत. तिनं विचारलं, "मौसी, मम्मी को सच में बुखार था?" मी सगळं सांगितलं. गोळ्या, दुकान, ते पंधरा दिवस, डॉक्टरीणबाईंचा प्रश्न. तिनं पेटीचं झाकण लावलं, माझ्याकडे न बघता म्हणाली,

"आप तो वहीं खड़ी थीं ना, मौसी?"

"हव," मी म्हटलं.