बाबांचं ‘व्हय म्हाराजा’

शुक्रवारी दुपारी म्हापशाच्या ऑफिसात आईचा फोन आला, तेव्हा माझ्या बॅगेत पेन ड्राइव्ह होता. त्यात शनिवारी बाबांबरोबर बघायचा सिनेमा. “बाबा काजीच्या बागेत पडले... तू ये,” एवढंच ती बोलली. धामापूरला पोचलो तेव्हा ओटीवर माणसं गोळा झाली होती आणि मला सुचलं काय, तर आता हा सिनेमा कोणाबरोबर बघायचा?

बाप आणि कर्त्या मुलाचे सिनेमे मी मुद्दाम शोधून आणायचो. आमचं बोलणं म्हणजे विहिरीवरचा पंप, आंब्याचा मोहोर आणि “जेवलंस?” त्यापुढे गाडी सरकत नसे. म्हटलं, आपल्याला जमत नाही ते पडद्यावरचे बोलतील. बाबा वेताच्या खुर्चीत मांडी घालून मनापासून बघायचे. पण शेवटी पडद्यावरच्या बापाने मुलाला जवळ घेतलं, “तुझ्यावर फार जीव आहे रे” म्हणाला, की खुर्चीतून खणखणीत आवाज यायचा, “व्हय म्हाराजा!”

गावच्या देवळात गाऱ्हाणं घालायचा मान बाबांचा. कुणाचं लग्न अडलेलं, कुणाची म्हैस आटलेली, सगळ्यांचं मागणं ते देवापुढे खड्या आवाजात मांडत आणि जमलेली माणसं प्रत्येक मागण्याला “व्हय म्हाराजा” म्हणत. तेच सिनेमात ऐकलं की माझ्या डोळ्यांतलं पाणी जागच्या जागी सुकायचं. एकदा चिडून म्हटलं, “बाबा, थट्टा कित्याक करतास?”

“थट्टा खंय? बरा बोललो तो. व्हय म्हणाक नको?” आणि मिशीत हसले. त्या हसण्याचं काय करायचं?

सुतक फिटल्यावर देवळात गाऱ्हाणं काकांनी घातलं. “बा देवा म्हाराजा, ह्या झिलाचो बापूस गेलो, आता तूच तेका सांभाळ रे म्हाराजा...” सगळे “व्हय म्हाराजा” म्हणाले. मला हसू येतंय की रडू, कळेना. बाहेर आल्यावर काकांना सिनेमाचं सांगितलं. तेही चक्रावले. “दादान ह्यो शब्द देवळाभायर कधी काढूक नाय रे. आमी मस्करीत म्हटला तर आमकाच दटावी.”

मग घरी का? पडद्यावरच्या बापाचं मागणं त्यांचंही होतं म्हणून? की माझी नुसती फिरकी? कधी वाटतं हे, कधी ते... आणि मधेच रागही येतो. दोन शब्द सरळ बोलले असते तर काय झालं असतं!

गेल्या रविवारी आई मागल्या दारी बांगडे कापत होती. मी तो राहिलेला सिनेमा लावला. शेवटी त्यातला बाप मुलाला म्हणाला, “तू आलास, आता मला काही नको.” खुर्ची रिकामीच. तरी मी वाट पाहिली, खरोखर पाहिली, आणि मग माझ्याच तोंडून निघालं, “व्हय म्हाराजा!”

आवाज हुबेहूब त्यांचा. आई मासळीच्या हातांनीच धावत आली. तिने आधी खुर्चीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

“...तू होतंस?”