चाच्यांची पार्टी

मुलाच्या पाचव्या वाढदिवसाचं नुसतं नाव काढलं तरी मला अजून किळस येते. त्या पार्टीची, आणि माझीही.

कल्पना पुण्याच्या नणंदेची. "वहिनी, नुसता केक कापायचे दिवस गेले. आता थीम लागते. आपण समुद्री चाचे करू." जालन्यात कुठला आलाय समुद्र! आमच्या नळाला पाणी आठ दिवसांनी यायचं. पण तिच्यापुढं माझं तोंडच उघडत नसे. जुन्या जालन्यातून काळं कापड आणलं आणि वीस लेकरांच्या एकेका डोळ्यावर बांधायला पट्ट्या शिवत बसले.

मुलाला शाळेत सोडणाऱ्या रिक्षावाल्याला आम्ही सगळे चाचा म्हणायचो. बुबुळावर फूल पडून त्याचा एक डोळा पांढरा झालेला. पार्टी चाच्यांची आहे म्हटल्यावर मुलानं मला न विचारता त्याला बोलावून टाकलं. पट्ट्याही चाचासारखं दिसायलाच आहेत, अशी त्याची खात्री होती.

इस्त्रीचा शर्ट घालून, रंगपेटी घेऊन चाचा दारात आला. समोर एका डोळ्याची वीस लेकरं पुठ्ठ्याच्या तलवारी नाचवत होती. नणंद टाळी वाजवून म्हणाली, "अय्या, हा तर खराखुरा चाचा!" सगळे खो खो हसले. मीही हसले.

"चलता हूं भाभी, सवारी थांबलीय," म्हणत त्यानं रंगपेटी माझ्या हातात दिली.

सोमवारी रिक्षा बराबर वेळेवर आली. चाचानं काळा चष्मा लावला होता.